चतुःसीमा

स्टॅम्पपेपर कानडीत होता.
लेखनिकानं चष्मा पुसत मराठीत सांगितलं:
पूर्वेला गटार आणि सरकारी रस्ता,
पश्चिमेला गंगव्वा कोम शिवलिंगप्पा यांची भिंत,
दक्षिणेला चिक्कोडीकरांची मोकळी जागा,
उत्तरेला बोळ.
मधे घर.
घरात काय झालं
हे लिहायला कागदात रकाना नव्हता.

एजंट मुतगेकर स्कूटरवरून आणताना म्हणाला होता,
वैनी, वडगावात ह्या भावात गोठा मिळत नाही.
मग गप्प.
मग वळणावर आपणहून,
लोक काय, बोलतात.

गंगव्वा कट्ट्यावर शेंगा फोडत होती.
माझ्याकडं न बघता म्हणाली,
इल्ली देव्व ऐती.
मी कंग्राळीची. माझं कानडी
भाजीच्या भावापुरतं, बसच्या पाटीपुरतं.
मला देव ऐकू आला.
बरं झालं म्हटलं,
चप्पल काढली
आणि भुताच्या घरात हात जोडून गेले.

मधल्या खोलीत खड्डा.
चौकोनी, माणूस कमरेपर्यंत मावेल एवढा,
कडा मांड्यांनी गुळगुळीत केलेल्या.
माग विकला गेला होता;
खड्डा कोण विकत घेणार?
इराण्णा इथं पाय सोडून शहापुरी लुगडी विणायचा.
इथंच, धोटा हातात असताना गेला.
मुलगा इचलकरंजीला. दाराला आतून कडी.
चौथ्या दिवशी वास आला तेव्हा गल्लीला कळलं.
तेव्हापासून रात्री माग चालतो म्हणतात.
खट् खट्, खट् खट्,
आणि पहाटे एकदम बंद.

नवरा म्हणाला, दोन गाड्या मुरूम टाकू.
सासू म्हणाली, आधी शांती.
शांती झाली, अडीच हजार आणि शिधा वेगळा.
मुरूम मात्र मी टाकू दिला नाही.
का, ते मलाही नीट सांगता येत नाही.
अकरा लाख मोजले होते,
त्यात खड्डाही आला असेल.

नवऱ्याची उद्यमबागेत दुसरी पाळी.
पहिल्या रात्री मी एकटी जागी,
कान ताणून.
उंदीर. बोळातली पाण्याची मोटार.
कुणाचा तरी खोकला, भिंतीपलीकडचा.
खट्खट नाही.
खरं सांगू? थोडं वाईटच वाटलं.

मग हातमशीन कडेला ठेवलं,
खड्ड्यात पाय सोडले.
ब्लाऊज, पिको, फॉल.
खाली गार असतं, मे महिन्यातसुद्धा,
आणि तळाला दोन उथळ खळगे आहेत,
बरोबर टाचांच्या जागी.
माझ्या टाचा त्यात थोड्या लहान पडतात.

गंगव्वाला एकदा विचारलंच.
ते तीन दिवस माग बंद होता.
तुमची भिंत एकच. मग?
शेंगा फोडायची थांबली.
ना केळलिल्ल, म्हणाली.
घरी येऊन धाकटीला विचारलं, ती कानडी शाळेत जाते.
ती म्हणाली, म्हणजे ऐकलं नाही.
नाहीतर, विचारलं नाही.
आई, दोन्हीला एकच शब्द आहे.

परवा ताप होता.
नवरा पाळीवर, पोरी शाळेत,
मी खड्ड्याशेजारीच चटई टाकून पडलेली.
मशीन सकाळपासून झाकलेलं.
दुपारचे दोन वाजले असतील.
दार वाजलं,
आधी कडी, मग तळहात, मग बहुतेक काठी,
सगळी गल्ली गोळा होईल असं.
याकव्वा, मशीन निंतैती?
याकव्वा?

उठवत नव्हतं.
पडल्या पडल्याच मी हात लांब केला
आणि मशीनचं चाक
एकदा फिरवलं.